बांधावरची श्रुतिका

रेडिओवरची श्रुतिका जिथे तयार होते तिथे बाहेरचा आवाज शिरू नये म्हणून केवढा बंदोबस्त असतो! एकामागे एक दोन जाड दारं, भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, पायाखाली गालिचा आणि ध्वनिमुद्रण चालू असताना पंखासुद्धा बंद. अशा स्टुडिओत मी नाट्यकलाकार म्हणून उमेदवारी केली आणि पुढे तिथेच श्रुतिका लिहायला, बसवायला शिकले. तिथली रीत सरळ आहे. आधी शांतता करून घ्यायची, मग तिच्यात हवा तेवढाच आवाज सोडायचा. घोडा हवा तर नारळाच्या करवंट्या, पाऊस हवा तर ताटात मोहरी, गडगडाटाला पत्रा, आगीला चुरगळलेला चकचकीत कागद. पावलांसाठी वाळूचा नि खडीचा एकेक ट्रे कोपऱ्यात ठेवलेला. या कारागिरीवर माझं अजून मनापासून प्रेम आहे. चार भिंतींच्या आत राहून ऐकणाऱ्यापुढे अख्खा डोंगर उभा करायचा, ही लहान गोष्ट नाही.

गेली काही वर्षं मात्र जिथे डोंगर आधीपासूनच उभा आहे, तिथे मी श्रुतिका घेऊन जाते. आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्या, म्हणजे माणदेश. माझं आजोळ तिकडचं. सोबत एक मध्यम आकाराचा स्पीकर, एक बॅटरी आणि आमचा ध्वनिमुद्रक. पडदा नाही, मंच नाही, दिवे नाहीत. शेताच्या कडेला, वस्तीच्या अंगणात किंवा माळावर माणसं बसतात आणि अर्धा तास ऐकतात.

‘हे काय नवीन काढलंय?’ असं पुण्यातल्या मित्रमंडळींनी विचारलं होतं. नवीन यात काहीच नाही. मराठी खेड्याने रेडिओ बहुतेक उघड्यावरच ऐकलेला आहे. चावडीवर सार्वजनिक संच असायचा, त्याच्यासमोर माणसं जमायची. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या श्रोतेमंडळांचा जो प्रयोग केला, तो पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत झाला. कार्यक्रम एकत्र ऐकायचा, त्यावर तिथेच बोलायचं आणि जमेल ते करून बघायचं, अशी त्याची पद्धत होती. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ चावडीवरून उठून शेतात गेला. माझ्या आजोळी तो विहिरीजवळच्या बाभळीला टांगलेला असायचा. १९६३ साली सांगली केंद्र सुरू झाल्यावर त्या बाभळीवर बहुतेक वेळ सांगलीच लागलेली असे. त्याच काळात इकडे पुणे केंद्रावर व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्यासारखे लेखक काम करत होते. खेड्यातल्या माणसाचं बोलणं ज्यांच्या कानात पक्कं बसलेलं होतं, अशी माणसं माइकच्या मागे होती. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेने शहरातली स्वयंपाकघरं जिंकली आणि ते योग्यच झालं. पण बांधावर खुरपं चालवत ऐकणारी बाईही तेवढीच जुनी श्रोती आहे. श्रुतिकेचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख फारसा होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पहिला प्रश्न आला तो हेडफोनचा. शहरात हल्ली अशा कामासाठी प्रत्येकाला हेडफोन देतात. कानाशी आवाज स्वच्छ येतो, डावं-उजवं नेमकं कळतं, वाऱ्याचा त्रास नाही. आम्हीही नेले होते. एका मेंढपाळ म्हातारबांनी ते डोक्यावर चढवले, थोडा वेळ ऐकलं आणि काढून माझ्या हातात दिले. म्हणाले, “आवं ताई, ह्ये कानाला लावलं की मागनं कोन आलं त्ये कळायचं न्हाई. लांडगं काय हाळी दिऊन येतंय व्हय?”

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. माणदेशच्या माळावर लांडगा अजून आहे आणि मेंढपाळाचा कान चोवीस तास कामावर असतो. नुसता त्याचाच नाही. गोठ्यातलं जनावर अस्वस्थ झालं, मोटरीचा आवाज बदलला, पाळण्यातलं पोर जागं झालं, हे सगळं कानाला आधी कळतं. त्या कानाला आजूबाजूच्या जगापासून तोडून मी माझी गोष्ट सांगू लागले तर त्याचं लक्ष दोन्हीकडून जातं. तेव्हा ठरलं, की नाटक उघड्या कानांनीच ऐकवायचं. बाकीचे आवाज असणारच, त्यांच्यात नाटकाने आपली जागा शोधायची.

मग स्पीकरचं गणित आलं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन स्पीकर तीस-पस्तीस मीटर अंतरावर लावले आणि माणूस एकाच्या जवळ बसला, तर दुसऱ्यातला तोच शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो आणि प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारल्यासारखं वाटतं. जत्रेतल्या भोंग्यांवरची भाषणं कळत नाहीत ती बरीचशी यामुळेच. म्हणून स्पीकर एकच. उघड्यावर आवाज परत पाठवायला भिंत नसते, अंतर दुप्पट झालं की तो सहा डेसिबलने उतरतो. म्हणून माणसांना जवळ बसवायचं, अर्धगोलात, आणि शक्यतो वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वारा स्पीकरच्या समोरून येत असेल तर आवाज वर उचलला जातो आणि मागच्या रांगेला ओठ हलल्याचा भास तेवढा उरतो. ढालगावकडच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या पात्यांचा संथ घुमारा संवादाच्या खालच्या पट्टीशी भांडतो, तिथे पुरुषांचे जाड आवाज बुडतात आणि बायकांचे, मुलांचे आवाज तरतात. पात्रं निवडताना हेसुद्धा बघावं लागतं.

वेळेचं महत्त्व मात्र सगळ्यांत जास्त. दुपारी जमीन तापलेली असते, तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते आणि आवाज वाकून आभाळाकडे निघून जातो. हिवाळ्यात, आभाळ निरभ्र असताना, सूर्य मावळला की उलटं होतं. जमीन झपाट्याने गार होते, खालचा थर थंड आणि वरचा उबदार राहतो, त्यामुळे आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतात. लांबच्या रस्त्यावर घाट चढणारी एसटी जवळून जात असल्यासारखी ऐकू येते, पलीकडच्या वस्तीवरचं बोलणं शब्दांसकट कळतं. तिथल्या माणसांना हे शिकवायला नको. “सांजंचं लांबचं ऐकू येतंय,” हे तिथे कुणीही सांगेल. आम्ही दिवस मावळल्यापासून जेवणवेळेपर्यंतचा काळ धरतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला कायद्याने बंदी आहेच, पण आमचा आवाज तसाही इतका हळू असतो की शेजारच्या वस्तीला जाग येऊ नये. हळू आवाजाला माणसं पुढे झुकतात, हे मी रंगभूमीवरही पाहिलेलं आहे.

जी श्रुतिका आम्ही सर्वांत जास्त वेळा ऐकवली, ती एका गलाई कुटुंबाची आहे. आटपाडी, खानापूर, विटा या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. पार केरळपासून पंजाबपर्यंत सराफकट्ट्याच्या एखाद्या बोळात माणदेशी माणसाचं गलाईचं दुकान सापडतं. माझ्या श्रुतिकेत मुलगा दक्षिणेतल्या एका शहरात दुकान चालवतो आणि आई गावाकडे एकटी असते. दोघं रात्री फोनवर बोलतात. घरात रेंज येत नाही, म्हणून आई शेताच्या उंचवट्यावर येऊन उभी राहते. जवळजवळ सगळं नाटक म्हणजे हे फोन.

लिहिताना मी नेहमीसारखे दोन्हीकडचे ध्वनिसंकेत लिहिले होते. मुलाकडे भट्टीचा ब्लोअर, हातोडी, बोळातली वाहनं. आईकडे वारा, रातकिडे, लांब कुत्रं. माळावर पहिल्यांदा तालीम म्हणून ऐकवलं तेव्हा ध्वनिमुद्रकाने एकेक करून आईकडचे सगळे आवाज बंद केले आणि माझ्याकडे बघितलं. मला काही बोलायची गरजच पडली नाही. आई जिथे उभी होती तिथेच आम्ही बसलो होतो. तिचा वारा आमच्या अंगावर येत होता. मुद्रित रातकिडे आणि खरे रातकिडे शेजारी शेजारी वाजले की कान क्षणात निवाडा करतो आणि त्या निवाड्यात खोट्याबरोबर संवादही पडतो. मुद्रित कुत्रं भुंकलं की वस्तीवरची खरी कुत्री उठून उत्तर देतात, हेही तिथेच कळलं. तेव्हापासून आमच्या श्रुतिकेत फक्त शहर ध्वनिमुद्रित असतं. गाव ज्याचं त्याने आणायचं.

याचा परिणाम कसा होतो ते शब्दांत सांगणं कठीण आहे. मुलगा बोलू लागला की स्पीकरमधून दाट, बंदिस्त, गजबजलेली जागा बाहेर येते. त्याने वाक्य संपवलं की ती जागा मिटते आणि भोवताली एकदम आभाळ उरतं. मग आईचा आवाज, कुठल्याही पार्श्वभूमीशिवाय, अगदी जवळ. स्टुडिओत हा फरक दाखवायला मी तासन् तास घालवले असते. इथे फक्त स्वतःला आवरायचं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत शाळूची पानं वाळायला लागतात, वारा आला की ती पाऊस पडल्यासारखी वाजतात. एकदा आईने पावसाची चौकशी करणाऱ्या मुलाला “न्हाई रं अजून” म्हटलं आणि त्याच वेळी शेजारचा शाळू सळसळला. बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी मान वळवून शेताकडे पाहिलं. तसं पुन्हा घडेलच असं नाही, ते लिहून आणता येत नाही. त्याला जागा ठेवणं तेवढं लेखकाच्या हातात असतं.

जागा ठेवणं म्हणजे काय, हे मी हाळीवरून शिकले. या बांधावरून त्या बांधावर माणसं एकमेकांना हाळी देतात तेव्हा नावाचा शेवटचा स्वर लांबवतात आणि मग थांबतात. आवाज पोचायला वेळ लागतो, समोरच्याने मान वर करून ओळखायला वेळ लागतो, उत्तर यायला वेळ लागतो. तो थांबा हाळीचाच भाग असतो. स्टुडिओत माझे कलाकार हाळी देत तेव्हा माइकपासून दोन पावलं मागे जात आणि लगेच पुढचं वाक्य घेत, कारण समोरचा कलाकार हाताच्या अंतरावर उभा असे. आता असे प्रवेश आम्ही शेतातच मुद्रित करतो. माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपडं घालतो, दोघांना खरोखर दोन बांधांवर उभं करतो. आईचं काम करणारी बाई कधी नाटकात उभी राहिलेली नाही, पण तिच्या हाळीत जे अंतर आहे ते आमच्यातल्या एकाही तयार नटाला आणता आलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९२४ च्या जानेवारीत बीबीसीवरून रिचर्ड ह्यूज यांची जी श्रुतिका झाली, ती खास रेडिओसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांपैकी मानली जाते. तिचा प्रसंग कोळशाच्या खाणीतला, दिवे गेल्यानंतरचा. पात्रांनाही दिसत नाही आणि ऐकणाऱ्यालाही दिसत नाही. फार बुद्धीची निवड होती ती. पण त्यातूनच एक समज रुजली की श्रुतिकेला अंधार लागतो, डोळे मिटावे लागतात. माळावरचा अनुभव वेगळा आहे. पहिली दोन-तीन मिनिटं माणसं स्पीकरकडे बघतात. मग त्यांची नजर सुटते. कुणी समोरच्या टेकडीकडे बघतं, कुणी ओढ्याच्या कडेच्या बोरीकडे, कुणी स्वतःच्या पायाकडे. डोळ्यांना काम उरत नाही असं नाही. त्यांना जे दिसत असतं त्याला नाटक हळूहळू चिकटू लागतं. नाट्यगृहात नेपथ्यकार एक झाड उभं करतो आणि सगळ्यांना तेच बघावं लागतं. इथे ज्याची त्याची टेकडी असते.

ऐकण्याची शिस्तही निराळी. नाट्यगृहात पाठीमागे कुणी कुजबुजलं तर मी वळून बघणारी बाई आहे. इथे माणूस धार काढायला मध्येच उठतो, परत आल्यावर शेजारणीला विचारतो, “काय झालं गं?” ती मोठ्याने सांगते आणि सांगताना स्वतःचं मतही त्यात घालते. मी आता नाटकात अशा ठिकाणी सैल जागा ठेवते. महत्त्वाची गोष्ट दोनदा येते, पात्रं एकमेकांना नावाने किंवा नात्याने हाक मारत राहतात. कीर्तनकार हे शेकडो वर्षं करत आले आहेत, आख्यान थांबवून गजर घेतात तेव्हा उशिरा आलेल्यालाही बसायला आणि धागा पकडायला वेळ मिळतो.

खुरपणीच्या वेळी दिवसाउजेडी बायकांना ऐकवण्याचा प्रयोगही आम्ही केला. स्पीकर बांधावर ठेवला आणि पात पुढे सरकली की तोही उचलून पुढे नेला. दुपारच्या हवेत आवाज विरतो हे माहीत होतं, म्हणून एका पातीतल्या पाच-सहा जणींपुरताच हा खटाटोप. त्यांचे हात एका लयीत चालू होते आणि त्या लयीमुळेच त्यांचं ऐकणं फार सखोल होतं, असं मला दिसलं. नाटक संपल्यावर एकीने खुरपं न थांबवता सांगितलं, “ताई, ह्यातली म्हातारी फोनवर लेकाला पयल्यांदा तब्येत इचारती. आमच्यात तसं न्हाई. लेकच पयल्यांदा पाऊस इचारतो. मग गाय. मग माणसं.” बाकीच्या जणींनी माना डोलावल्या. दुसरी म्हणाली, “तब्येतीचं शेवटाला. ठेवू का म्हनताना.” पुढच्या ध्वनिमुद्रणात आम्ही फोन तसाच बांधला आणि नाटकाचा सगळा ताण त्या शेवटच्या चौकशीत जाऊन बसला. इतकं नेमकं नाट्यशिक्षण मला कुठल्या शिबिरात मिळालेलं नाही.

आणखी एक गोष्ट घडली, तिचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. ज्या वस्तीवर आदल्या हिवाळ्यात श्रुतिका झाली होती, तिथे पुन्हा गेले तेव्हा एका मुलाने रस्ता दाखवताना सांगितलं, “त्या म्हातारीच्या टेकाडापासनं डावीकडं वळा.” तिथे कुठलीही म्हातारी राहत नाही. तो नुसता चढ होता, नाटकाच्या वेळी स्पीकरच्या मागे दिसणारा. नाटकातली आई वस्तीच्या बोलण्यात तिथे जाऊन उभी राहिली होती.

असं काम करायला फार पैसा लागत नाही, म्हणून वाचकांना हे विनवते आहे. आकाशवाणीच्या केंद्रांच्या संग्रहात जुन्या श्रुतिकांची ध्वनिमुद्रणं आहेत. त्यांतल्या ग्रामीण श्रुतिका निवडून, रीतसर परवानगी घेऊन, त्या ज्या शिवारातून आल्या त्या शिवारात ऐकवल्या जाव्यात. म्हसवडला ‘माणदेशी तरंग’सारखा सामुदायिक रेडिओ २००८ पासून चालू आहे. अशा केंद्रांनी स्टुडिओतल्या प्रसारणासोबत वर्षातून काही संध्याकाळी उघड्यावरच्या श्रवणासाठी ठेवाव्यात. नव्या लेखकांना माझं सांगणं असं, की एखादी श्रुतिका खोलीसाठी न लिहिता ठरावीक जागेसाठी लिहा. त्या जागेवर आधी दोन-चार संध्याकाळी नुसतं बसा, तिथे काय काय वाजतं ते लिहून काढा आणि तेवढं सगळं संहितेतून वगळा. शाळू पोटरीत येण्याआधी लिहायला बसलात, तर काढणीच्या सुमाराला ऐकवता येईल.